नारळापासून सुरुवात: मार्शल बेटांवर किरणोत्सारी दूषितता कशी मोजतात

या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी यंत्राजवळ बसवत नाही. विचारतो, नारळ किती तऱ्हेचे असतात? शहरातली मुलं गोंधळतात. कोकणातलं कुणी असलं की लगेच सांगतं: शहाळं, अडसर, जून नारळ, आणि कोंब आलेला नारळ, ज्याच्या आत मऊ गोडसर गोळा तयार होतो. उत्तर बरोबर. आता हे चारही वेगवेगळ्या पिशवीत भरायचे, कारण चारही वेगळे मोजायचे आहेत आणि बेटावरची माणसं चारही खातात.

मी स्वतः बेटांवर गेलेलो नाही. माझं काम टेबलावरचं, म्हणजे आलेला नमुना वाळवणं, दळणं, डब्यात भरणं आणि मोजणं. पण टेबलावरच्या माणसाला नमुना कसा गोळा झाला हे कळत नसेल तर त्याच्या आकड्यांना काडीची किंमत नसते. म्हणून हा लेख शेतातून टेबलाकडे आणि टेबलावरून पुन्हा घराच्या ओट्यापर्यंत जातो. उदाहरण मार्शल बेटांचं घेतलं आहे, कारण माणसं राहत असलेल्या बेटांवरची किरणोत्साराची मोजणी इतकी वर्षं, इतक्या चुका करत आणि सुधारत, क्वचितच कुठे झाली असेल.

थोडा इतिहास, तोही कामापुरता

पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर अमेरिकेनं 1946 ते 1958 या काळात 67 अण्वस्त्र चाचण्या केल्या, मुख्यतः बिकिनी आणि एनेवेटाक या दोन कंकणद्वीपांवर. 1 मार्च 1954 च्या ‘ब्राव्हो’ चाचणीचा स्फोट 15 मेगाटनांचा निघाला, अंदाजाच्या अडीचपट. त्याची राख पूर्वेकडे रोंगेलाप आणि उट्रिक या माणसं राहत असलेल्या बेटांवर पडली. रोंगेलापच्या लोकांना दोन दिवसांनी हलवलं, 1957 मध्ये परत आणलं, आणि 1985 मध्ये ते स्वतःच ‘रेनबो वॉरियर’ या जहाजातून बेट सोडून गेले.

बिकिनीची गोष्ट आपल्या कामाच्या दृष्टीनं जास्त बोलकी आहे. 1946 मध्ये तिथल्या 167 लोकांना उठवलं. 1968 मध्ये बेट राहण्याजोगं झाल्याचं जाहीर झालं, 1970 च्या दशकात काही कुटुंबं परतली, नवीन लावलेल्या माडांना फळं धरली. मग माणसांच्या शरीरातलं सीझियम मोजणीगणिक चढू लागलं आणि 1978 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांना पुन्हा बोटीत बसवावं लागलं. जमिनीची मोजणी झाली होती. माणसं बागेतलं किती खातील याचा अंदाज मात्र प्रत्यक्षाच्या बराच खाली धरला गेला होता.

शोधायचं काय

इतक्या वर्षांनंतर चार नावं लक्षात ठेवली तरी पुरे. सीझियम-137, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 30 वर्षं. स्ट्रॉन्शियम-90, सुमारे 29 वर्षं. प्लुटोनियम-239, सुमारे 24,100 वर्षं. त्याच्यासोबत 240 असतंच. आणि अमेरिशियम-241, 432 वर्षं, जे प्लुटोनियम-241 च्या क्षयातून हळूहळू तयार होत राहतं.

चौघांचे स्वभाव निराळे, आणि प्रवाळबेटावर ते आणखी निराळे वागतात. आपल्याकडच्या काळ्या मातीत चिकणमातीचे थर असतात. सीझियम त्यांच्यात अडकून बसतं, मुळांना सहजी मिळत नाही. प्रवाळबेटाची माती म्हणजे चुन्याचा भुगा आणि वर कुजलेल्या पाल्याचा पातळ थर. सीझियमला धरून ठेवायला चिकणमातीच नाही. वर पोटॅशियमचा दुष्काळ. झाडाच्या दृष्टीनं सीझियम आणि पोटॅशियम सख्खे भाऊ, त्यामुळे भुकेलेली मुळं जे मिळेल ते ओढतात. म्हणून मातीत तेवढंच सीझियम असताना देशावरच्या शेतापेक्षा तिथल्या नारळात ते कितीतरी जास्त उतरतं. स्ट्रॉन्शियमचं उलट: तो कॅल्शियमचा भाऊ, आणि कॅल्शियम तर तिथे पायाखाली डोंगरभर. झाडाला त्याच्याकडे बघायची गरज पडत नाही. प्लुटोनियम मुळांतून जवळजवळ चढत नाही. त्याची काळजी धुळीतून श्वासात जाण्याची आणि लहान मुलांच्या माती लागलेल्या हातांची.

एवढं समजलं की कशाला किती वेळ द्यायचा ते ठरतं. अन्नात सीझियम आधी. मातीत सीझियम आणि प्लुटोनियम. विहिरीच्या पाण्यात सीझियम आणि स्ट्रॉन्शियम.

पिशवी भरण्याआधी: कोण काय खातं

पहिलं हत्यार वही. घरोघरी बसून विचारायचं: काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, बोट येऊन किती दिवस झाले. हा शेवटचा प्रश्न नवखी माणसं विसरतात. राजधानी माजुरोहून तांदूळ, पीठ, डबाबंद मांस आणणारी बोट वेळेवर आली तर ताटात बाहेरचं अन्न जास्त. बोट लांबली की नारळ, नीरफणस, मासे यांवर दिवस. एकाच आठवड्याच्या पाहणीवरून वर्षाचा आहार ठरवू नका. दोन्ही वेळची वही भरा.

पदार्थांची नावं स्थानिक भाषेत लिहा. केवड्याच्या जातीचं पँडॅनस, ज्याचं फळ ते चोखून खातात आणि ज्याच्या गराचा टिकाऊ गोळाही करतात, ते ‘बॉब’. आपल्या नीरफणसाचा भाऊ तो ‘मा’. माडावर चढणारा मोठा नारळखेकडा ‘बारुलेप’. इंग्रजी नावावर विसंबलात तर एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात आणि महिनाभराची मोजणी वाया जाते.

मुलांचं वेगळं विचारा. आईला विचारा, आजीला विचारा; मुलं बाहेर काय खातात हे आजीला जास्त माहीत असतं, हे जगात कुठेही खरं.

परवानगी कुणाची

मार्शल बेटांवर जमीन सरकारची नसते. ती वंशाकडून, आईच्या बाजूनं येते. वर इरोज, म्हणजे मुख्य. मग आलाप, जमिनीचा कारभार पाहणारा घरातला वडीलधारा. मग प्रत्यक्ष कसणारे. जमिनीच्या पट्ट्या आतल्या खाजणापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत बेट ओलांडून जातात, त्यांना ‘वाटो’ म्हणतात. आपल्या ‘वाटा’शी याचा काहीही संबंध नाही, पण लक्षात राहायला सोपं.

आलापला न विचारता एक फळही तोडू नका. हा शिष्टाचार आहेच, शिवाय कामाचाही फायदा आहे: कोणत्या वाटोवर 1950 च्या दशकात छावणी होती, कुठे माती खरवडली, कुठे नवीन माड लावले, हे त्यालाच ठाऊक. वाटो खाजणापासून समुद्रापर्यंत जात असल्यानं नमुन्यांची रांगही त्याच दिशेनं आखा. बेटाच्या मध्यभागी पालापाचोळा जास्त, किनाऱ्याकडे वाळू. दूषितता या रांगेत सारखी नसते.

हातातलं यंत्र

आता यंत्र बाहेर काढा. गॅमा किरणांची मोजणी जमिनीपासून एक मीटर उंचीवर करतात, म्हणजे साधारण कमरेच्या. सोडियम आयोडाइडचा स्फटिक असलेला सर्व्हे मीटर पुरतो. प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, तीन वाचनं घ्या, जीपीएसचे आकडे आणि वेळ लिहा. घराच्या आत, ओट्यावर, अंगणात, माडाखाली, वाटेवर, किनाऱ्यावर, अशी राहण्याच्या जागांची यादी धरून चला. सरळ जाळी आखून घेतलेली मोजणी नकाशासाठी चांगली, पण माणूस जाळीवर राहत नाही.

प्रवाळबेटाची एक सोय आहे. चुनखडीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम फारसं नसतं, त्यामुळे जमिनीतून येणारं नैसर्गिक प्रारण नगण्य आणि मोजतो ते बहुतेक आकाशातून येणारं. रत्नागिरीच्या काळ्या वाळूवर किंवा केरळच्या मोनाझाइट किनाऱ्यावर यंत्र धरलं तर नैसर्गिक गोंगाटातच थोडीशी दूषितता हरवून जाईल. इथे तसं होत नाही. थोडंही सीझियम उठून दिसतं.

आकडे कसे वेगळे पडतात ते पाहा. कोलंबिया विद्यापीठाच्या गटानं 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत वर्षाला सरासरी गॅमा मात्रा एनेवेटाकवर 7.6 मिलिरेम, रोंगेलापवर 19.8 आणि बिकिनीवर 184 मिलिरेम आली. मिलिरेम हे शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक; शंभर मिलिरेम म्हणजे एक मिलिसिव्हर्ट. तीनही ठिकाणं ‘मार्शल बेटं’ या एकाच शब्दात मावतात, म्हणून कुणी ‘मार्शल बेटांवर किती किरणोत्सार आहे’ असं विचारलं की उलट विचारायचं: कुठल्या बेटावर? एनेवेटाकमध्येसुद्धा लोक 1980 मध्ये परतले ते दक्षिणेकडच्या बेटांवर. उत्तरेकडची बेटं वेगळी, आणि तिथलं रुनिट तर बंदच आहे. 1977 ते 1980 च्या सफाईत खरवडलेली माती रुनिटवरच्या जुन्या विवरात भरून त्यावर सुमारे 46 सेंटिमीटर जाडीचं काँक्रीटचं झाकण घातलेलं आहे.

मीटरचा आकडा कमी आला म्हणून नारळ सोडून देऊ नका. घराभोवती प्रवाळाची खडी पसरलेली असेल तर मीटर शांत राहतो, आणि बागेतला माड मात्र खालून सीझियम ओढतच असतो.

माती

इथे घाई नको. खड्डा खणण्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

जागा माडाजवळ, मुळांच्या पसाऱ्यात घ्या. ज्या झाडाचं फळ घेणार त्याच झाडाजवळ. फावड्यानं चर खणा, एक भिंत सरळ ठेवा. थर असे: 0 ते 5 सेंटिमीटर, 5 ते 10, 10 ते 15, 15 ते 25, 25 ते 40, 40 ते 60. वरून खाली या. प्रत्येक थर काढल्यावर पुढच्या थरासाठी जागा थोडी मागे सारून साफ करा, कारण वरची काळी माती खाली ढासळली की खालच्या थराचा आकडा फुगतो. ओल्या प्रवाळात हे हमखास होतं. प्रत्येक थराला वेगळा खुरपा, किंवा मध्ये धुऊन पुसून तोच.

पिशव्या दोन, एकीत एक. लेबल बाहेरच्या पिशवीवर एक आणि दोन पिशव्यांच्या मध्ये दुसरं, पेन्सिलीनं लिहिलेलं. हे मी का सांगतो ते ऐका. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे गोठवलेले नमुने आले, मार्करनं लिहिलेले. बर्फ वितळलं, शाई वाहून गेली, आणि एकोणीस पिशव्यांमधली माती मी तीन दिवस नुसती बघत बसलो. पेन्सिलीचं अक्षर पाण्यात जात नाही.

माती दुसऱ्या देशात न्यायची तर वनस्पती-रोग नियंत्रणाची परवानगी आधी काढा. विमानतळावर पेटी अडकली की तुमचा मोसम गेला.

टेबलावर: माती वाळवा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा, प्रवाळाचे खडे वेगळे तोला (त्यांचं वजन वहीत हवंच, नाहीतर किलोमागचा आकडा कशाच्या किलोमागचा ते कळणार नाही), उरलेली दळून ठरलेल्या डब्यात ठरलेल्या उंचीपर्यंत भरा.

प्लुटोनियमची भानगड अशी की ते कणाकणानं असतं. एका चमचाभर मातीत काही नाही, शेजारच्या चमच्यात एकच तीव्र किरणोत्सारी कण आणि आकडा आभाळाला. म्हणून मोठा नमुना दळून एकजीव करा, त्यातून दोन-तीन वेगळे भाग काढून मोजा. भागांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरून सरासरी काढू नका. न जुळणं हीच माहिती आहे, तशी लिहा. प्लुटोनियमसाठी रसायनशाळेत विलगीकरण करून अल्फा मोजणी लागते, ती महाग आणि सावकाश. अमेरिशियमची 59.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅमा रेषा (ठरलेल्या ऊर्जेची, त्या मूलद्रव्याची खूण) सरळ दिसते, म्हणून त्याच्यावरून कुठे जास्त खोल जायचं ते ठरवतात. फक्त ही रेषा इतकी मऊ आहे की डब्यातली मातीच ती शोषून घेते. त्याची दुरुस्ती केल्याशिवाय आकडा देऊ नका.

अन्न

नारळ आधी सांगितलाच. शहाळ्याचं पाणी वेगळं, मलई वेगळी, जून खोबरं वेगळं, कोंबाचा गोळा वेगळा. एका झाडाची पाच-सहा फळं एकत्र करा, दोन झाडं मिसळू नका. झाडाला क्रमांकाची पट्टी बांधा.

पँडॅनसच्या फळातला खाण्याचा चोखणीचा भागच घ्या. नीरफणसाची साल आणि गर वेगळे. कंद असेल तर माती पूर्ण धुऊन, सोलून; न धुतलेल्या कंदावर मोजलेलं सीझियम कंदाचं नव्हे, मातीचं असतं. पण तिथले लोक तो कसा धुतात, तेवढंच तुम्ही धुवा. तुमच्या प्रयोगशाळेतल्या नळाखाली दहा मिनिटं धरलेला कंद कुणाच्याच ताटात येत नाही.

खेकड्याचं मांस आणि पोटातला चरबीचा भाग वेगळे मोजा. नारळखेकडा कात टाकल्यावर स्वतःचं जुनं कवच खातो, म्हणून कवचातला कॅल्शियमसारखा स्ट्रॉन्शियम त्याच्यातच फिरत राहतो. गंमत वाटेल, पण अशा एका सवयीवरून एक अख्खा स्तंभ तक्त्यात वाढतो.

मासे तुलनेनं बरे असतात. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे सीझियमचा शिरकाव कमी. मासा पोट काढून, मांस वेगळं करून मोजा. खाजणाच्या तळाशी चरणारे आणि बाहेरच्या खोल पाण्यातले वेगळ्या पिशव्यांत. काही घरी लहान मासे आतड्यासकट शिजवतात असं वहीत आलं असेल तर तसेच, आतड्यासकटही मोजा.

आता एक चूक, जी प्रत्येक नवा माणूस एकदा करतोच. मोजायच्या आधी फळ वाळवतात, त्यामुळे आकडा कोरड्या वजनावर येतो. मर्यादा मात्र ओल्या, म्हणजे खाण्याच्या अवस्थेतल्या वजनावर असतात. समजा, नीरफणसात कोरडा भाग 30 टक्के आणि कोरड्या वजनावर 300 बेक्वेरेल (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) प्रतिकिलो आले. खाणाऱ्यासाठी ते 90 आहेत. वाळवण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवलं नसेल तर तो नमुना फेकून द्या, अंदाज करू नका.

पाणी

बेटावर पाणी दोन ठिकाणांहून: छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं, आणि जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, जो विहिरीतून निघतो. पहिलं पितात, दुसऱ्यानं धुतात, आणि दुष्काळात दुसरंही पितात. म्हणजे दोन्ही मोजायचं.

निदान वीस लिटर लागतं. भरल्यावर लगेच गाळा आणि नायट्रिक आम्ल घाला, पीएच दोनच्या खाली येईल इतकं. नाहीतर धातू डब्याच्या भिंतींना चिकटतात आणि पाणी उगाच स्वच्छ दिसतं. गाळणीवरचा गाळ वेगळा ठेवा. टाकीच्या तळाचा साकाही एका बाटलीत घ्या. विहिरीच्या पाण्याचा खारटपणा त्याच क्षणी मोजा, कारण पाऊस पडून गेला की थर जाड होतो आणि पुढच्या आठवड्याचं पाणी वेगळं. सीझियम कमी असेल तर ते अमोनियम मॉलिब्डोफॉस्फेटवर धरून गोळा करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात पिण्याच्या पाण्यासाठी सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 साठी लिटरमागे 10 बेक्वेरेल, प्लुटोनियम-239 साठी 1. प्राथमिक चाळणी म्हणून एकूण अल्फा 0.5 आणि एकूण बीटा 1 बेक्वेरेल प्रतिलिटर. बीटा जास्त आला तर दचकण्याआधी पोटॅशियम-40 वजा करा; खारट विहिरीत तोच असतो.

टेबलावर

जर्मेनियम डिटेक्टर द्रवरूप नायट्रोजननं उणे 196 अंशांवर ठेवलेला असतो. त्याची बाटली सुट्टीच्या आधी भरायची, सुट्टीनंतर नाही. दिवाळीची मोठी सुट्टी लागून आली, भरायचं कुणी ते ठरलं नाही, आणि आम्ही परतलो तेव्हा डिटेक्टर खोलीच्या तापमानाला आला होता. त्यानंतर आमच्याकडे भिंतीवर नावांची यादी लागली.

सीझियमची रेषा 662 वर, नैसर्गिक पोटॅशियम-40 ची 1461 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर. दुसरी रेषा रोजची तपासणी म्हणून वापरा. एक ग्रॅम पोटॅशियमात सुमारे 31 बेक्वेरेल असतातच, आणि कुठलंही फळ पोटॅशियमशिवाय वाढत नाही. फळात पोटॅशियम दिसलं नाही तर सीझियम नाही असं लिहू नका. डबा चुकीचा ठेवला आहे का ते बघा.

वेळ किती? शंभर टिपं, म्हणजे डिटेक्टरनं पकडलेली किरणं, मोजली तर अनिश्चितता दहा टक्के, दहा हजार मोजली तर एक. कमी दूषित पाण्याचा डबा रात्रभर ठेवावा लागतो. ‘आढळलं नाही’ असं कधीही नुसतं लिहायचं नाही. ‘इतक्या बेक्वेरेलपेक्षा कमी’ असं लिहायचं, तो ‘इतक्या’ काढून. रिकामा डबा, तोच नमुना दुसऱ्यांदा, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा ज्ञात मूल्याचा संदर्भ नमुना, ही तिन्ही कामं दर खेपेला, कितीही कंटाळा आला तरी. आकडा नमुना गोळा केल्याच्या तारखेला किती असेल तसा दुरुस्त करून द्या.

शिकायला लांब जायला नको. तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे, आजूबाजूचं पाणी, माती, अन्नपदार्थ मोजणारी. पद्धतीचा पाया तोच. प्रवाळ आणि नारळ तेवढे वेगळे.

माणसं

शेवटची खात्री माणसाच्या शरीरातच होते. एनेवेटाक, रोंगेलाप आणि माजुरो इथे अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या कार्यक्रमात पूर्ण-शरीर मोजणीची केंद्रं उभी राहिली, आणि ती चालवायला स्थानिक तंत्रज्ञ तयार केले गेले. माणूस खुर्चीत दहा-पंधरा मिनिटं बसतो, शरीरातल्या सीझियमची गॅमा मोजली जाते. आधी अंघोळ आणि स्वच्छ कपडे, नाहीतर कपड्यावरची धूळ पोटात मोजली जाते. प्रौढाच्या शरीरातून सीझियम साधारण तीन-चार महिन्यांत निम्मं होतं, मुलांत त्याहून लवकर. म्हणून मोजणीचा आकडा म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या जेवणाची वही. तुमच्या आहार-पाहणीशी तो जुळला नाही तर आधी पाहणी तपासा. लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे. प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. प्लुटोनियमसाठी चोवीस तासांची लघवी लागते.

हिशोब

आकडे उदाहरणासाठी घेतो. एक माणूस रोज 300 ग्रॅम खोबरं खातो, खोबऱ्यात 200 बेक्वेरेल प्रतिकिलो सीझियम. रोज 60, वर्षाला 21,900 बेक्वेरेल. प्रौढासाठी बेक्वेरेलमागे 0.000013 मिलिसिव्हर्ट हा गुणक. उत्तर सुमारे 0.28 मिलिसिव्हर्ट. त्यात इतर पदार्थ आणि बाहेरून मिळणारी गॅमा मिळवा.

आता तुलना कशाशी? इथे जपून. कोडेक्सची (अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेची) 1000 बेक्वेरेल प्रतिकिलोची पातळी दिसली की नवा माणूस ‘मर्यादेच्या पाचपट खाली’ असं लिहून मोकळा होतो. ती पातळी अपघातानंतर व्यापारात येणाऱ्या अन्नासाठी आहे, आणि ताटातला दहावा हिस्साच दूषित असेल हे तिथे गृहीत धरलेलं आहे. स्वतःच्या माडाचं रोज खाणाऱ्याला ती लागूच पडत नाही. जपाननं 2012 मध्ये सर्वसाधारण अन्नासाठी 100 ठेवली. मार्शल बेटांच्या अणुदावा न्यायाधिकरणानं सफाईसाठी वर्षाला 15 मिलिरेम, म्हणजे 0.15 मिलिसिव्हर्ट, ही कसोटी धरली. आमचा नारळ एकाच्या आत पास, दुसऱ्याच्या दुप्पट, तिसऱ्याच्या जवळपास दुप्पट. अहवालात कुठली फूटपट्टी लावली ते पहिल्या पानावर लिहा.

सांगणं आणि पुन्हा येणं

निकाल आधी ज्याच्या झाडाचा त्याला, त्याच्या भाषेत, झाडाच्या क्रमांकासकट. ‘सुरक्षित’ हा शब्द टाळा. बिकिनीच्या लोकांनी तो एकदा ऐकला आहे. त्याऐवजी सांगा: या माडाचं शहाळं रोज प्यायलात तर इतकं, आठवड्यातून दोनदा प्यायलात तर इतकं, त्या शेजारच्या माडाचं निम्मं.

लोक लगेच विचारतील, मग करायचं काय. उत्तर आहे, आणि ते कृषी सेवा केंद्रात पोत्यानं मिळतं: म्युरेट ऑफ पोटॅश. बिकिनीवरच्या प्रयोगांत पोटॅशियम क्लोराइड टाकल्यावर नारळातलं सीझियम पूर्वीच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत, काही वेळा त्याखालीही आलं, आणि झाडंही सुधारली. रोंगेलापला घराभोवतीची वरची माती काढून प्रवाळ-खडी टाकणं आणि बागेत पोटॅश देणं, असा जोडउपाय झाला. शिवाय पाऊस सीझियम धुऊन खाली नेतो. लिव्हरमोरच्या संशोधकांनी या बेटांवरच्या झाडांत ते प्रत्यक्षात सुमारे साडेआठ वर्षांत निम्मं होतं असं काढलं, तीस वर्षांत नव्हे. पण साडेआठ वर्षं ही बऱ्याच झाडांवरून काढलेली मधली किंमत आहे; समोरच्या माडाची किंमत पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून निघायच्या आधी पट्ट्या तपासा. गंजणारी तार नको, ॲल्युमिनियमची पट्टी आणि सैल बांधलेली दोरी, खोड जाड होतं. वहीत झाडाचा क्रमांक, वाटोचं नाव, आलापचं नाव, पोटॅश कधी आणि किती टाकलं. वहीची एक प्रत बेटावर ठेवा. पुढच्या खेपेला कदाचित दुसरंच कुणी येईल, आणि त्याला तेच झाड सापडलं पाहिजे.